युद्धातल्या परिचारिकांची चित्रपुस्तकं : वाचून दाखवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फ्लॉरेन्स नाइटिंगेल, मेरी सीकोल, क्लारा बार्टन, इडिथ कॅव्हेल. यांच्यावरची चित्रपुस्तकं मुलांना वाचून दाखवणारे आईबाबा, आजीआजोबा आणि शिक्षक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. उत्तरं अशी पुस्तकं बरीच वर्षं मोठ्याने वाचणाऱ्या माणसाची आहेत, त्यामुळे माहितीसोबत मतंही आली आहेत. पटली नाहीत तर खुशाल सोडून द्या.

ही पुस्तकं कितव्या वर्षापासून वाचावीत?

नाइटिंगेल आणि सीकोल पाच-सहाव्या वर्षी चालतात. क्लारा बार्टन आठच्या आसपास. इडिथ कॅव्हेलच्या गोष्टीचा शेवट गोळीबार पथकासमोर होतो, म्हणून ती नऊ-दहापर्यंत थांबवलेली बरी. १९४२ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, इंडोनेशियातल्या बांका बेटावर जपानी सैनिकांच्या हातून ऑस्ट्रेलियन परिचारिकांचं जे झालं (बावीस जणींना समुद्रात चालत जायला लावून मागून गोळ्या घातल्या, एकटी व्हिव्हियन बुलविंकल वाचली) ते माझ्या मते चित्रपुस्तकात बसतच नाही. ते पुढच्या वयासाठी ठेवावं.

चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण छपाईच्या मोठ्या कागदाच्या घड्या तशा पडतात. त्यातली नावाची वगैरे पानं वजा केली की गोष्टीला जेमतेम चौदा-पंधरा जोडपानं उरतात. एवढ्या जागेत आख्खं आयुष्य कोंबलेलं पुस्तक हातात आलं तर वय कितीही असो, मूल पेंगणार. जन्म, शिक्षण, युद्ध, पदक, मृत्यू असं धावणाऱ्या पुस्तकापेक्षा एक हिवाळा किंवा एक रात्र धरून बसलेलं पुस्तक घ्या.

युद्धाचं ऐकून मूल घाबरणार नाही का?

घाबरू शकतं. पण परिचारिकेच्या गोष्टीत एक सोय असते: युद्ध मागच्या दाराने येतं. तोफ दिसत नाही, तोफेनंतरचा माणूस दिसतो आणि त्याच्याजवळ कुणीतरी बसलेलं असतं. रक्तापेक्षा 'याच्याजवळ कुणीच नाही' हे चित्र मुलांना जास्त टोचतं, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. एकदा एक मुलगी जखमींच्या रांगेचं पान उलटूच देईना. कोपऱ्यातल्या एका सैनिकाच्या उशाशी पाण्याचा पेला नव्हता, बाकी सगळ्यांच्या होता. चित्रकार बहुधा विसरला असावा. आम्ही पेन्सिलीने पेला काढला, मग पुढे गेलो.

वाचण्याआधी शेवट सांगून टाका. 'ही बाई म्हातारी होईपर्यंत जगली' एवढं आधी कळलं की मूल मधली पानं धीराने बघतं. नाइटिंगेल नव्वद वर्षं जगली, हे इथे फार उपयोगी पडतं. आणि झोपेच्या आधी वाचू नका. दुपारी वाचलं की प्रश्न संध्याकाळपर्यंत विचारून संपतात.

चित्रं बरोबर आहेत की नाहीत हे कसं ओळखायचं?

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. मजकूर आपण वाचताना सुधारू शकतो. चित्र मुलाच्या डोक्यात जसंच्या तसं जाऊन बसतं.

सुरुवात दिव्यापासून करा. नाइटिंगेलच्या हातात अनेक पुस्तकांत चोच असलेला, अल्लादीनच्या दिव्यासारखा तेलाचा दिवा असतो. तिच्या रुग्णालयात वापरात असलेला दिवा वेगळाच होता. तो तुर्की 'फानूस': आत मेणबत्ती, भोवती घडी पडणारं कापडाचं किंवा कागदाचं नळकांडं. मिटला की चपटा होणारा कंदील म्हणा. लांबलचक रुग्णालयात वारा लागून विझू नये म्हणून तो सोयीचा. चोचीचा दिवा पुढे पुतळ्यांतून आणि बिल्ल्यांतून रुळला. ज्या चित्रकाराने फानूस काढला आहे त्याने अभ्यास केला आहे असं समजा आणि पुस्तक निर्धास्त घ्या.

दुसरी खूण लाल क्रॉस. १८५४ च्या क्रिमियन युद्धातल्या (नाइटिंगेल आणि सीकोल याच युद्धात होत्या) परिचारिकेच्या दंडावर किंवा टोपीवर लाल क्रॉस असेल तर चित्र चुकलं. ते चिन्ह आलं जिनेव्हात. १८५९ मध्ये सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी वाऱ्यावर सोडलेले हेन्री ड्यूनंट या स्विस व्यापाऱ्याने पाहिले, १८६३ मध्ये समिती झाली, १८६४ मध्ये जिनेव्हा करार झाला. स्विस झेंड्याचे रंग उलटे केले की ते चिन्ह तयार होतं, हे मुलांना कागदावर करून दाखवता येतं आणि त्यांना ते भलतंच आवडतं.

तिसरी खूण खिडकी. नाइटिंगेल ज्या रुग्णालयात काम करत होती ते स्कुटारीला, म्हणजे इस्तंबूलसमोरच्या किनाऱ्यावर. लढाई क्रिमियात, काळ्या समुद्रापलीकडे. जखमी बोटीने यायचे आणि त्या प्रवासातच कितीतरी मरायचे. तेव्हा स्कुटारीच्या खिडकीतून तोफांचा धूर दिसत असेल तर चित्रकाराने नकाशा उघडलेला नाही. (ती नंतर क्रिमियात जाऊन आली, तिथे आजारीही पडली. पण ती गोष्ट वेगळी.)

कपडेही बघा. तिच्या सोबतच्या परिचारिकांना करड्या लोकरीचा जाडाभरडा झगा, साधी टोपी आणि 'स्कुटारी रुग्णालय' असं इंग्रजीत भरलेली पट्टी असा पोशाख होता. बेंगरूळ होता, आणि अनेकींना तो आवडला नव्हता. पांढराशुभ्र, कांजी केलेला गणवेश पुढच्या काळातला.

शेवटी हात. परिचारिकेचे हात काय करताना दाखवलेत? नुसते जोडलेले किंवा सैनिकाच्या कपाळावर ठेवलेले असतील तर ते पूजेचं चित्र झालं. हात चादर पिळतायत, यादी लिहितायत, बादली उचलतायत, पट्टी गुंडाळतायत, तर ते कामाचं चित्र. माझ्या कपाटात दुसऱ्या प्रकारची पुस्तकं राहतात.

नाइटिंगेल आली, तिने साफसफाई केली आणि मृत्यू थांबले, हे खरं ना?

असं सरळ नाही. आणि खरी गोष्ट या सरळ गोष्टीहून जास्त रंगतदार आहे.

ती ३८ जणींना घेऊन नोव्हेंबर १८५४ मध्ये स्कुटारीला पोचली. डॉक्टरांना त्या नको होत्या. तिने आधी स्वयंपाकघर, कपडे धुणं, चादरी, सदरे, भांडी यांचं मार्गी लावलं. लंडनचा नामांकित आचारी अलेक्सी सॉयर १८५५ मध्ये स्वतःच्या खर्चाने तिथे आला आणि त्याने रुग्णांच्या जेवणाचा नूर बदलला. त्याने बनवलेली लष्करी शेगडी पुढे शंभराहून अधिक वर्षं ब्रिटिश सैन्यात वापरात होती. चित्रकारांनी या आचाऱ्याकडे इतकं दुर्लक्ष का केलं, मला कोडंच आहे. भपकेबाज कपडे घालणारा, भल्यामोठ्या शेगड्यांशी झटापट करणारा माणूस यांना आयता मिळाला होता.

पण तो पहिला हिवाळा भयंकर गेला. ती आल्यानंतर मृत्यू वाढले. बहुतेक सैनिक जखमांनी मरत नव्हते. कॉलरा, हगवण आणि टायफस त्यांना नेत होते. रुग्णालयाची प्रचंड इमारत तुंबलेल्या गटारांवर उभी होती. वरून कितीही फरशी घासली तरी खालून घाण येतच होती. मार्च १८५५ मध्ये लंडनहून आरोग्य आयोग आला. त्यांनी गटारं उपसली, मेलेली जनावरं बाहेर काढली, भिंतींना चुना मारला, हवा खेळती केली. त्यानंतर मृत्यू झपाट्याने उतरले.

तिला हे सगळं तिथे असताना पुरतं उमगलेलं नव्हतं. युद्ध संपल्यावर ती लंडनमध्ये विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाबरोबर आकडे घेऊन बसली आणि आपल्याच रुग्णालयात माणसं कशामुळे गेली ते तिला दिसलं. मग तिने ते लपवलं नाही. १८५८ मध्ये तिने छापलेली आकृती प्रसिद्ध आहे: वर्तुळाचे बारा महिन्यांचे बारा काप, आजारातल्या मृत्यूंचा निळा भाग अवाढव्य, जखमांचा लाल भाग चिमुकला. आकड्यांनी न हलणाऱ्या मंत्र्यांना रंगांनी हलवायचं, असा तिचा बेत होता. थोडक्यात, बाईंनी स्वतःच एक चित्रपुस्तक काढलं, फक्त वाचक सरकारी होते.

ही आकृती सहा वर्षांच्या मुलाला कळते. निळा आणि लाल, कोणता मोठा? एवढाच प्रश्न विचारायचा. म्हणून दिव्यावर संपणाऱ्या पुस्तकापेक्षा आकृतीपर्यंत जाणारं पुस्तक मी वर ठेवतो.

जाता जाता आणखी एक चूक: तिच्या तोंडी 'जंतू' हा शब्द घातलेला असतो. १८५४ मध्ये रोग दुर्गंधीयुक्त, दूषित हवेने होतात असंच ती मानत होती. कारण चुकीचं आणि उपाय बरोबर, ही गंमत मोठ्या मुलांना जरूर सांगा.

दिवा घेतलेली बाई हे नाव तिला कुठून मिळालं?

वर्तमानपत्रांतून. फेब्रुवारी १८५५ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात ती हातात दिवा घेऊन फिरते आहे असं चित्र आलं आणि घरोघरी पोचलं. पुढे १८५७ मध्ये अमेरिकन कवी लाँगफेलोने त्यावर कविता केली.

ते घुबडाचं पिल्लू खरं की चित्रकाराची कल्पना?

खरं! १८५० मध्ये अथेन्सला असताना नाइटिंगेलने काही पोरांच्या तावडीतून ते सोडवलं. नाव ठेवलं अथीना. ती ते खिशात घालून फिरायची, आणि पाहुण्यांना चोच मारण्यात अथीनाचा हात, म्हणजे पंजा, कुणी धरला नसता. १८५४ मध्ये युद्धावर निघायच्या गडबडीत घरच्यांचं लक्ष राहिलं नाही आणि पिल्लू मेलं. त्यात पेंढा भरून ते जपलं गेलं आणि आज लंडनच्या नाइटिंगेल संग्रहालयात आहे.

याहून छान भाग पुढे आहे. फ्लॉरेन्सची बहीण पार्थेनोपी हिने १८५५ मध्ये या घुबडाची छोटी सचित्र गोष्ट तयार केली आणि तिकडे स्कुटारीला पाठवली. तेव्हा युद्धातल्या परिचारिकेशी जोडलेलं एक सचित्र पुस्तक खुद्द त्या युद्धातच जन्मलं होतं आणि त्याची पहिली वाचक परिचारिका स्वतःच होती.

मेरी सीकोल नर्स होती की दुकानदार? यावर भांडणं का होतात?

दोन्ही होती, आणि दोन्ही असण्यात काही कमीपणा नाही. जमैकातल्या किंग्स्टनला १८०५ मध्ये जन्म. वडील स्कॉटिश सैनिक. आई तिथल्या औषधोपचारात तरबेज आणि आजारी अधिकाऱ्यांसाठी खानावळ-विश्रामगृह चालवणारी. मेरी आईच्या हाताखाली शिकली, आधी बाहुलीवर औषधपाणी करून बघत. पनामात कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तिने रुग्ण सांभाळले. १८५४ मध्ये ती लंडनला येऊन युद्धावर जाण्यासाठी दारोदार फिरली. सगळीकडे नकार मिळाला. आपल्या कातडीच्या रंगामुळे तर नाही ना, असा प्रश्न तिने आपल्या आत्मचरित्रात उघडपणे विचारला आहे.

मग ती स्वतःच्या हिमतीवर गेली. क्रिमियातल्या बालाक्लावाजवळ लाकूड, पत्रे, मोडक्या बोटींचं सामान गोळा करून १८५५ मध्ये तिने 'ब्रिटिश हॉटेल' उभारलं. तिथे जेवण मिळे, चहा मिळे, औषध मिळे. पैसे असणाऱ्यांना पैसे घेऊन. आणि लढाई झाली की ती खेचरांवर पट्ट्या, खाणं, पाणी लादून रणांगणावर जाई. १८५६ मध्ये युद्ध संपलं, माल पडून राहिला आणि तिचं दिवाळं निघालं. पुढच्या वर्षी सैनिकांनी आणि चाहत्यांनी लंडनमध्ये चार दिवसांचा मदतीचा जलसा केला. त्याच वर्षी तिचं आत्मचरित्र आलं.

भांडण होतं ते काही पुस्तकं तिला 'काळी नाइटिंगेल' बनवतात म्हणून. रुग्णालयातली शिस्तबद्ध व्यवस्था हे एकीचं काम. रणांगणाजवळची ऊब, गरम जेवण आणि अनुभवी हात हे दुसरीचं. दोघी स्कुटारीला एकदा थोडक्यात भेटल्या होत्या; मेरीला रात्रीपुरती जागा हवी होती आणि ती धोबिणींच्या खोलीत मिळाली. एकीला मोठं करण्यासाठी दुसरीला खलनायिका करणारं पुस्तक आलं तर मी ते परत ठेवतो. २०१६ मध्ये लंडनला सेंट थॉमस रुग्णालयाच्या आवारात मेरीचा पुतळा उभा राहिला, तेव्हाही हा वाद झालाच होता.

मराठीत वाचून दाखवताना 'ती' म्हणायचं की 'त्या'?

इंग्रजी पुस्तक समोर धरून मराठीत सांगणाऱ्या प्रत्येकाची इथे अडचण होते. 'नाइटिंगेल निघाल्या, त्यांनी बादली उचलली' म्हटलं की बाई लगेच भिंतीवरच्या तसबिरीत जाऊन बसतात. 'फ्लॉरेन्स निघाली, तिने बादली उचलली' म्हटलं की ती खोलीत येते. मी बिनधास्त 'ती' म्हणतो. आदर क्रियापदाच्या शेपटीत नसतो, तो ती काय करते त्यातून उभा राहतो. वर्गात 'त्या'च हवं असा आग्रह असेल तर तोडगा असा: लहानपणच्या पानांवर 'ती', काम सुरू झालं की 'त्या'. मुलांना हा बदल बरोबर कळतो. एकाने विचारलं होतं, 'आता मोठी झाली का?'

'परिचारिका' हा शब्द छापायला चांगला, ऐकायला जड. मुलांना 'नर्स' कळतं. 'सिस्टर' म्हणाल तर मुलं विचारतात कुणाची बहीण? त्याचं उत्तर आहे: ख्रिस्ती जोगिणींनी (नन) रुग्णसेवा केली, त्यांना सिस्टर म्हणत, ते नाव पुढे वॉर्डच्या मुख्य नर्सला चिकटलं. नाइटिंगेलबरोबर गेलेल्या ३८ जणींतही जोगिणी होत्याच. 'सेविका' मात्र टाळा. त्यात काम दिसत नाही, नुसती मान खाली घातलेली दिसते.

या दोघींपलीकडे कोण?

क्लारा बार्टनपासून सुरुवात करा, कारण तिची गोष्ट मुलाच्याच वयात सुरू होते. भाऊ डेव्हिड कोठाराच्या छपरावरून पडला, तेव्हा दहा-अकरा वर्षांच्या क्लाराने जवळजवळ दोन वर्षं त्याची शुश्रूषा केली. मोठेपणी ती वॉशिंग्टनच्या पेटंट कार्यालयात कारकून होती. अमेरिकन यादवी युद्धात १७ सप्टेंबर १८६२ ला अँटीटमच्या लढाईत ती सामानाची गाडी घेऊन पोचली, तेव्हा शल्यविशारदांकडच्या पट्ट्या संपून ते मक्याची पानं जखमांवर बांधत होते. अंधार पडला तेव्हा तिच्या गाडीतून कंदीलही निघाले. एका जखमीला पाणी पाजताना गोळी तिच्या बाहीतून आरपार गेली आणि तो माणूस गेला. हे पान वाचताना गाडी जरा हळू चालवा.

युद्धानंतरचं तिचं काम मला जास्त भिडतं. बेपत्ता सैनिकांच्या घरच्यांची पत्रं यायची. तिने कार्यालय थाटून २२,००० हून अधिक बेपत्तांचा ठावठिकाणा लावला. चित्रकाराला हे काढायला अवघड, कारण खोलीभर कागदच कागद. पण एका पुस्तकात ती पत्रं बर्फासारखी छतापर्यंत साचलेली दाखवली आहेत, ते चित्र मुलं विसरत नाहीत. १८८१ मध्ये तिने अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली.

त्याच युद्धातली सुझी किंग टेलर: गुलामगिरीत जन्मलेली, चोरून लिहायला-वाचायला शिकलेली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीत कपडे धुतले, जखमी सांभाळले, सैनिकांना अक्षरं शिकवली, आणि पगार घेतला नाही, कारण कुणी दिलाच नाही. १९०२ मध्ये तिने आपल्या आठवणी छापल्या.

आणि क्रिमियात पलीकडच्या बाजूला सेवास्तोपोलची दाशा. खलाशाची अनाथ मुलगी, १८५४ च्या आल्माच्या लढाईत स्वतःहून रशियन जखमींजवळ गेलेली. नाइटिंगेलच्या पुस्तकाशेजारी हिची गोष्ट तोंडी जरी सांगितली तरी मुलाला समजतं की समोरच्या तंबूतही कुणीतरी पट्ट्या बांधत होतं.

इडिथ कॅव्हेलचा शेवट कसा सांगायचा?

सरळ आणि थोडक्यात. ती ब्रसेल्समध्ये परिचारिकांची शाळा चालवायची. १९१४ मध्ये जर्मन सैन्याने शहर घेतलं. तिच्याकडे दोन्ही बाजूंचे जखमी बरे व्हायचे. शिवाय सुमारे २०० दोस्त सैनिकांना तिने हॉलंडकडे निसटायला मदत केली. पकडली गेली, तिने नाकारलं नाही, १२ ऑक्टोबर १९१५ च्या पहाटे तिला गोळ्या घातल्या. 'तिने नियम मोडला आणि माणसं वाचवली, म्हणून तिला मारलं' एवढं वाक्य नऊ वर्षांच्या मुलाला पेलतं. 'ती झोपी गेली' असलं काही म्हणू नका. मूल झोपायला घाबरेल.

आदल्या रात्री तिने धर्मगुरूला सांगितलं की देशभक्ती पुरेशी नाही, मनात कुणाविषयीही द्वेष वा कटुता राहता कामा नये. आता पाहा काय झालं. ब्रिटनमध्ये तिच्या मृत्यूची चित्रं सैन्यभरतीसाठी आणि शत्रूविषयी चीड पेटवण्यासाठी वापरली गेली. पत्रव्यवहाराच्या कार्डांवर ती पांढऱ्या कपड्यांत बेशुद्ध पडलेली कोवळी पोर दाखवली जायची. प्रत्यक्षात ती ४९ वर्षांची, कडक स्वभावाची मुख्य परिचारिका होती. लंडनमध्ये १९२० साली तिचा पुतळा उभारला त्यावर ते शब्द नव्हतेच. ते १९२४ मध्ये कोरले गेले. चित्रपुस्तकात ती विशीतली दिसत असेल तर ती त्याच कार्डांवरून उतरली आहे असं समजा.

जॅक नावाचा तिचा कुत्रा तिच्यामागे राहिला. मुलं शेवटी त्याच्याबद्दलच विचारतात. त्याला एका सरदार घराण्याने सांभाळलं, असं सांगा. त्यातही पेंढा भरून त्याला लंडनच्या युद्ध संग्रहालयात ठेवलंय, हे सांगायचं की नाही ते मूल बघून ठरवा. घुबडाचं आधीच सांगितलं असेल तर पुढचा प्रश्न येतोच: 'नर्सचे सगळेच प्राणी असे ठेवतात का?'

फक्त बायकाच का? मुलगे कंटाळत नाहीत?

मुलगे कंटाळतात हा मोठ्यांचा समज आहे. गटार, खेचर, बाहीतली गोळी, यात कंटाळण्यासारखं काय आहे? पण पुरुष नव्हते असंही नाही. स्कुटारीला बरीचशी उचलठेव सैनिकच करायचे. अमेरिकन यादवी युद्धात कवी वॉल्ट व्हिटमन वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत फिरत होता. फळं, कागद, तंबाखू वाटायचा, ज्यांना लिहिता येत नसे त्यांची पत्रं लिहायचा. पुढे दारं बंद झाली: अमेरिकन लष्कराच्या परिचर्या दलात पुरुषांना १९५५ पर्यंत प्रवेश नव्हता. हे ऐकून मुलगे चिडतात. चिडू द्या.

पुस्तकातले संवाद मनाचे असतात. चालतं का?

'पाणी आण' चालतं. 'मी इतिहास घडवीन' चालत नाही.

पहिल्या महायुद्धातल्या नर्सचं काम मुलांना कसं समजवायचं?

मी शेवाळापासून सुरुवात करतो. कापूस कमी पडू लागला तेव्हा ब्रिटनमध्ये दलदलीतलं स्फॅग्नम शेवाळ गोळा करून, वाळवून, त्याच्या पट्ट्या बनवल्या जात. ते स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी शोषतं आणि जखम चिघळू देत नाही. ते गोळा करणाऱ्यांत शाळकरी मुलंही होती. चिखलात गुडघाभर उभ्या मुलाचं चित्र एका जोडपानावर, दुसऱ्यावर ती पट्टी बांधणारी नर्स: दोघांत हजार मैल, मध्ये शेवाळ. असं पुस्तक कुणी काढलं तर मी पहिली प्रत घेईन.

पेनिसिलिन तेव्हा नव्हतं. ते सैनिकांपर्यंत दुसऱ्या महायुद्धात पोचलं. म्हणून जखम पुन्हापुन्हा धुणं, पट्टी बदलणं, ताप लिहून ठेवणं हेच औषध होतं. रुग्णालयाच्या रेल्वेगाड्या होत्या, आणि मुलांना गाडी म्हटलं की पुढचं पान उलटायची घाई होते. अर्धवट शिकलेल्या हजारो स्वयंसेविका होत्या. पुढे रहस्यकथांची राणी झालेली अगाथा ख्रिस्ती त्यांतलीच. औषधखात्यात काम करताना तिने विषांचा अभ्यास केला, आणि त्याचा तिने पुढे काय उपयोग केला ते जगाला माहीत आहे.

परिचारिकांना 'देवदूत' म्हणणारी पुस्तकं घ्यावीत का?

घ्या, पण वाचताना तो शब्द गाळा. देवदूताला भूक लागत नाही, पाय दुखत नाहीत, पगार लागत नाही. नाइटिंगेलच्या सोबत गेलेल्या काही जणींना शिस्त मोडल्यामुळे परत पाठवावं लागलं होतं, काहींनी दारू प्यायली होती, काही आजारी पडून परतल्या. हे एकाही चित्रपुस्तकात मला दिसलेलं नाही.

मुलाने विचारलेल्या भलत्याच प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

'सैनिक शी कुठे करायचे?' हा भलता प्रश्न नाही, क्रिमियन युद्धाचा मुख्य प्रश्न आहे. उत्तर गटारांच्या भागात वर आलं आहे. 'तिला भीती वाटत होती का?' याला 'पुस्तकात लिहिलेलं नाही, तुला काय वाटतं?' हे प्रामाणिक उत्तर. 'ते लढत का होते?' यावर मी क्रिमियाचा नकाशा काढून, रशिया, तुर्कस्तान, ब्रिटन, फ्रान्स अशी नावं घेऊन तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा समोरून आलं, 'हो, पण का?'

वर्गात मुलांकडून असं पुस्तक करून घ्यायचं आहे. कुठून सुरुवात करू?

एका वस्तूपासून. फानूस, मक्याचं पान, खेचर, शेवाळ, बाही. प्रत्येक गटाला एक वस्तू द्या आणि आठच पानं द्या: दोन कागद, एकेक घडी, मध्ये टाका. अट एकच: प्रत्येक पानावर कुणाचे तरी हात दिसले पाहिजेत. चेहरे आले नाहीत तरी चालतील. एका गटाने आठही पानांवर फक्त बादली काढली होती, आधी रिकामी, मग भरलेली, मग लाल, मग पुन्हा धुतलेली. धरणारे हात दर पानावर वेगळे. शब्द एकही नव्हता, आणि त्यांना तो लिहायला सांगायचं मला सुचलंही नाही.